पंप कुठं धुवायचा

ठाणाकुशनूर
१२ ऑगस्ट १९६९

प्रिय व्यंकट,

सप्रेम जयभीम. करजगीला पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ग्रामसेवक म्हंजे नेमकं काय ते तिला अजून उमजलं न्हाई, पण माझा धाकटा सरकारची शेती बघायलाय, असं ती सगळ्या वस्तीला सांगत हिंडायलीय.

तू साहेबाला सांगून औरादच्या शिकवणीत माझं नाव घातलास ते बरं केलास. आठ दिवस शिकलो आणि फवाऱ्याचा पंप घेऊन आलो. पितळेचा हाय, पाठीवर बांधायचा. डाव्या हातानं दांडा मारायचा, उजव्या हातानं नळी धरायची. शिवशंकरप्पाच्या कापसावर चार दिवस एंड्रीनचं औशीद मारलं. अळी अशी गळून पडली की दोन ओळीमधल्या तासात पाय ठेवायला जागा न्हाई.

एक सांगतो. आपला बाप मरंस्तोवर ह्या गावानं त्याला त्याच्या नावानं हाक मारली न्हाई, जातीच्या नावानं मारली. छप्पन साली दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तरी हाक तीच राहिली. आता शिवशंकरप्पाचा गडी सकाळी दारात येऊन म्हणतो, "पंपवाले ज्ञानोबा हाईत का?" तुझी वैनी आतून हसायली. मी मुद्दाम जरा येळानं बाहीर आलो, म्हंजे त्यानं आणखी एकदा म्हणावं.

इचारायचं ते असं. सांच्याला पंप धुवायला शिवशंकरप्पाच्या हिरीवर गेलो. ते म्हणले, "पंप नको हितं, आन् तूबी नको. वढ्याला जा." वढ्याचं पाणी आपल्या बायका भरतात. शिकवणीत साहेबानं पंप रोज धुवा म्हणून सांगितलं, कुठं धुवा ते सांगितलं न्हाई. तू शिकलेला हाईस, तू सांगशील तसं करीन.

तुझा,
ज्ञानोबा


करजगी
२१ ऑगस्ट १९६९

आदरणीय अण्णा,

सविनय जयभीम. तुझं पत्र मी इथल्या ऑफिसात बसून वाचलं आणि "पंपवाले ज्ञानोबा" या शब्दांशी येऊन थांबलो. मला हॉस्टेलला पाठवायला तू शाळा चौथीत सोडलीस. ती हाक तुला फार आधी मिळायला हवी होती.

फवारताना वाऱ्याकडं पाठ ठेव. नाकाला धुतलेलं फडकं बांध. मध्येच बिडी ओढू नकोस, हात धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नकोस. रिकामा डबा घरात आणू नकोस, आई त्यात तेल ठेवील.

पंपाचं म्हणशील तर विहिरीपेक्षा ओढा बरा. बायका पाणी भरतात तिथून खाली, वळणापलीकडं जाऊन धू. पाणी वाहतं असलं की औषध विरून जातं, काळजीचं कारण नाही. आम्ही इथं सगळ्यांना तेच सांगतो.

आईला सांग, दिवाळीला येतो.

तुझा,
व्यंकट


करजगी
९ ऑक्टोबर १९७४

अण्णा,

परत आलो. तार उशिरा मिळाली म्हणून आईचं तोंड दिसलं नाही, हे आता जन्मभर राहणार. मी आलो तोवर माती होऊन दोन दिवस झाले होते आणि वस्तीत कुणी धड बोलत नव्हतं. त्याच आठवड्यात शेजारचा मारोतीमामा गेला, त्यामुळं कोंडाबाईमामीच्या दारातही तशीच माणसं बसलेली. कुणाला काय विचारावं ते समजेना.

तूही काही बोलला नाहीस. आईला नेमकं काय झालं होतं? ताप किती दिवस होता? दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही का? तुला दोष देण्यासाठी विचारत नाही. मला नुसतं कळू दे.

वैनी म्हणाली, तू पंप माळ्यावर टाकलास आणि आता फवारायला जात नाहीस. दुःखात माणसाला काम नकोसं होतं हे मी समजतो. पण अण्णा, पाच वर्षांत तू त्या कामावर घर उभं केलंस. औरादच्या साहेबांना मी नवीन पेट्रोलवाल्या पंपासाठी तुझंच नाव सुचवलं आहे. महिनाभरानं पुन्हा सुरू कर.

व्यंकट


ठाणाकुशनूर
२२ ऑक्टोबर १९७४

प्रिय व्यंकट,

जयभीम. आईला ताप नव्हता. दुपारी जेवली, सांजंला डोकं दुखतंय म्हणली. मग झटके आले. पडल्या पडल्या पाय असे हलायले जसं कुणी सायकल चालवायलंय. तोंडाला फेस आला. शिवशंकरप्पाकडं गाडी मागितली, त्यांनी दिली, खोटं कशाला बोलू. औरादच्या वाटंवर गेली. डाक्टर म्हणले, मेंदूचा ताप असंल, साथ असंल. मारोतीमामाचंबी तसंच झालं. साथच असंल.

पंप सोडला कारण कंबर दुखती. आन् आता त्या औशिदात दम राहिला न्हाई. दोन फवाऱ्यात मरणारी अळी पाच फवारे झाले तरी मरंना. पयले मागं मागं साळुंक्या याच्या, अळ्या टिपायच्या. आता कापसात पाखरू उतरंना. बांधावरल्या बाभळीला मव्हाळ असायचं, माश्या मरून खाली पडल्या. यंदा बेडूकबी वरडलं न्हाई. मला ते बरं वाटंना.

साहेबाला सांग, दुसऱ्याचं नाव घाला. मी रोजानं खुरपायला जायलोय, पोटापुरतं मिळतंय. पुन्हा त्याबद्दल लिहू नकोस.

ज्ञानोबा


करजगी
३० ऑगस्ट १९८३

आदरणीय अण्णा,

तू लिहू नकोस म्हणालास म्हणून नऊ वर्षं त्याबद्दल लिहिलं नाही. आज लिहितो आहे, कारण झोप लागेनाशी झाली.

परवा इथं मल्लप्पा नावाच्या शेतकऱ्यानं फवारून उरलेलं एंड्रीन पाझर तलावाच्या कडेला ओतलं आणि पंप तिथंच धुतला. पाऊस ओढलेला, तलावात गुडघाभर पाणी. सकाळी मासे उताणे होऊन वर आले. बाया-माणसं टोपली घेऊन धावली. मी पोचलो तेव्हा एक कुत्रं काठावर मासा खाऊन पडलं होतं. त्याचे पाय सायकल चालवल्यासारखे हलत होते, अण्णा. तुझ्या पत्रातले शब्द जसेच्या तसे समोर उभे राहिले. मी लोकांच्या हातातली टोपली हिसकून घेतली, दोघांचा मारही खाल्ला. मासे खड्ड्यात पुरले. कुणी दगावलं नाही.

नंतर धारवाडच्या कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना विचारलं. ते म्हणाले, एंड्रीन पाण्यात विरून जात नाही. गाळात बसतं, माशाच्या अंगात साठतं, आणि मासा खाणाऱ्याच्या अंगात जातं.

म्हणून विचारतो. आई गेली त्या दिवशी घरात मासे शिजले होते का?

उत्तर टाळू नकोस.

व्यंकट


ठाणाकुशनूर
१४ सप्टेंबर १९८३

प्रिय व्यंकट,

व्हय, शिजले होते.

त्या साली भाद्रपदात पाऊस थांबला, वढा तुटला. वळणापलीकडं तेवढा डोह राहिला होता. मी पाच वर्षं तिथंच पंप धूत होतो. त्या दिवशी शिवशंकरप्पाच्या कापसावर तिसरा फवारा झाला आन् मी सवयीनं तिथं जाऊन पंप पालथा घातला. वाहतं न्हाई हे दिसत होतं. तरी धुतला. दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी येरवाळी, उजाडताच, मारोतीमामा टोपलं भरून मासे घेऊन आला. हसायला होता. म्हणला, "जाळं न्हाई, गळ न्हाई, नुसतं वेचले." त्यातलं अर्धं आईला दिलं. मी तसाच कामावर गेलो. तुझी वैनी सत्यभामा माहेराला होती. आईनं एकटीनं करून खाल्ले, मला वाटा ठेवला. सांजंला आलो तर ती पडलेली. तिला गाडीत घातलं ते तिला माती देऊनच घरी आलो.

घरी माझा वाटा तसाच झाकलेला होता. आईनं ठेवलेला म्हणून फेकवंना, खाववंना. शेवटी कुत्र्याला घातला. घटकाभरात कुत्रं पडलं. तसेच पाय. तवा मला समजलं. कुत्रं पुरलं आन् कुणालाच काही बोललो न्हाई. तुझ्या वैनीलाबी न्हाई. तू आलास तवा तुझ्या पुढ्यात बसून भाकरी खाल्ली, तरी बोललो न्हाई.

तोंड उघडलं असतं तर काय म्हणलो असतो? मी माझ्या आईला मारलं. मारोतीमामाला मारलं. कोंडाबाईमामी रोज आपल्या अंगणात येऊन बसती, सुखदुःख बोलती, तिला काय तोंड दाखवलं असतं?

तुला दोष देऊ नये म्हणूनबी लिहिलं न्हाई. वळणापलीकडं धू, हे तूच लिहिला होतास. ते पत्र मी त्याच दिवशी चुलीत घातलं, म्हंजे तुला कधी आठवू नये.

ज्ञानोबा


करजगी
२५ सप्टेंबर १९८३

अण्णा,

पत्र तू जाळलंस, पण मी लिहिलेलं मला पाठ आहे. "काळजीचं कारण नाही" असंही त्यात होतं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मला काही माहीत नव्हतं, हे खरं आहे. माहीत नसताना सांगितलं, हेही खरं आहे. किती गावांत किती जणांना सांगितलं त्याचा हिशेब लागत नाही. नऊ वर्षं तू एकट्यानं जे उचललंस त्यातलं अर्धं माझं आहे. आता मला दे.

रडून झालं, म्हणून आता कामाचं विचारतो. तुझ्यामागं वस्तीत पंप कोण चालवतं? आणि ते धुतात कुठं?

अजूनही तिथंच धूत असतील तर तुला बोलावं लागेल. सगळ्यांत आधी कोंडाबाईमामीला. मी दिवाळीला येतो, तोवर थांबलास तरी चालेल, दोघं मिळून सांगू.

आणखी एक. गेल्या वर्षी कामानं आळंद तालुक्यात खजुरीला गेलो होतो. तिथं ईरम्मा नावाच्या म्हाताऱ्या बाई तुरीवर औषधाचा थेंब मारत नाहीत. शेंगा भरायला लागल्या की चार बायका घेऊन तुरीच्या ओळीत उतरतात. दोघी झाडाखाली जुन्या लुगड्याचं धडपं धरतात, एक झाड वाकवून हलवते. अळ्या धडप्यात पडतात, त्या कोंबड्यांना घालतात. उरल्यासुरल्या बारीक अळीला निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवलेलं पाणी गाळून मारतात. मी तेव्हा साहेबांबरोबर होतो आणि साहेब हसले म्हणून मीही हसलो. ईरम्मा कानडीत म्हणाल्या, "हसा बाळांनो, माझ्या शेतात पाखरं आहेत, तुमच्या कुठं आहेत?" खरंच, त्यांच्या बांधावर साळुंक्यांचा कलकलाट होता.

सरकारनं दिलेल्या तुझ्या दोन एकरात तूर आहे ना? करून बघशील?

तुझा,
व्यंकट


ठाणाकुशनूर
१८ ऑक्टोबर १९८३

प्रिय व्यंकट,

दिवाळीपर्यंत थांबलो न्हाई. वस्तीतले दोघं गडी पंप चालवतात. तुझं पत्र आलं त्या सांजंला डोहाकडं गेलो, तर ते तिथंच पंप पालथा घालायले होते. मी वरडलो. ते म्हणले, "काका, तुमीच तर ही जागा दावली." 

त्यांना तिथंच सगळं सांगितलं. वढ्यापासून लांब माळावर खड्डा खांदला, तिथं पंप धुवा, वर माती टाका म्हणलं. त्यांनी ऐकलं. मग घरी येऊन सत्यभामाला सांगितलं.  ती उठली, पदर खोचला आन् म्हणली, "चला, मी येते संगट."

कोंडाबाईमामी दारात मिरच्या निवडत होती. मी खाली बसलो आन् सांगितलं. डोह, पंप, मासे, कुत्रं, सगळं.  तिचा हात मिरच्यातच राहिला.

म्हणली, "तुला कवा समजलं?"

"आईला माती दिली त्याच सांजंला."

"त्याच सांजंला. आन् माझ्या मालकाला तवा माती झाली न्हवती."

"न्हाई."

"त्यांनी एकट्यानंच भाजून खाल्ले, पर सगळे मासे संपले न्हवते, ज्ञानोबा. उरलेले मी चिरून पत्र्यावर वाळत घातले. मडक्यात भरून ठेवले. मालकाच्या हातचं शेवटचं म्हणून आम्ही कुणी खाल्ले न्हाईत. दोन महिन्यांनी सून दिवसात आली, तिला ताकद यावी म्हणून तिला घातले. तिला झटके आले, पोटातलं पोरगं मेलेलं आलं. पुन्हा तिची कूस उजवली न्हाई. आम्ही म्हणलं, तिच्या अंगातच दोष."

मग म्हणली, "तू त्या दिवशी बोलला असतास तर मी ते मडकं फेकलं असतं."

ती रडली न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. मिरच्याचं सूप उचललं आन् आत गेली. 

व्यंकट, आई आन् मामा अजाणता गेले म्हणून मी मनाला समजवत होतो. तिसरा जीव माझ्या गप बसण्यानं गेला. त्याला अजाणता म्हणता येत न्हाई. ह्यातलं अर्धं तुला देता येणार न्हाई.

ज्ञानोबा


करजगी
२८ ऑक्टोबर १९८३

अण्णा,

तुझं पत्र वाचलं. समजूत घालणार नाही. घातली तर तुला ती नको असेल.

एवढंच कळवतो, यंदा माझ्या वाट्याला आलेले औषधाचे डबे मी वाटले नाहीत. साहेबांनी लेखी कारण मागितलं. मी लिहून दिलं की माझी आई यानं गेली. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे ऑफिसच्या कागदात बसत नाही, दुसरं काही लिही." मी दुसरं लिहिलं नाही. बदलीचं बघतो म्हणालेत.

दिवाळीला येतो. कोंडाबाईमामीच्या दारात मीही बसणार आहे. तिनं हाकललं तरी चालेल. आणि सूनबाईंना बीदरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू, मी बरोबर येईन. मामी हो म्हणाली तर.

व्यंकट


ठाणाकुशनूर
११ डिसेंबर १९८३

प्रिय व्यंकट,

जयभीम. दिवाळीला तू मामीच्या दारात दिसभर बसलास, ती बाहीर आली न्हाई. तू गेल्यावरबी तिनं आमच्या अंगणात पाऊल टाकलं न्हाई. मी समजून होतो.

तुरीला शेंगा धरल्या तशी अळी आली. शिवशंकरप्पानं शेजारच्या तुरीवर तीन फवारे मारले. मी तू सांगितल्यासारखं केलं. पयल्या दिवशी मी आन् सत्यभामा दोघंच. माझे हात लई कापतात आता, त्यात धडपं ठरंना, अळ्या पुन्हा भुईवर सांडायच्या. बांधावरून जाणारी माणसं हसायली. दुसऱ्या दिवशी पंपवाल्या दोघांच्या बायका आल्या. दिसाला तुरीच्या दहा ओळी होतात, त्याहून जास्ती न्हाई. मोठ्या अळ्या पडतात, शेंगात शिरलेल्या राहतात. पीक समदं वाचणार न्हाई हे तुला आत्ताच सांगून ठेवतो, मग म्हणू नकोस. पर वरल्या बाजूचा निम्मा तुकडा हिरवा हाय.

परवा मामी आली.  माझ्या हातातलं धडप्याचं टोक घेतलं आन् म्हणली, "सोड, तुझा हात कापायलाय. तू झाड हलीव." दुपारपातूर आम्ही समोरासमोर काम केलं. मी हलवायचो, ती धरायची. सत्यभामानं भाकरी सोडून जेवायला हाक मारली. मामीनं आपली भाकरी आणली होती, ती लांब बाभळीखाली बसून खाल्ली.

जाताना धडपं घडी करून माझ्याकडं दिलं. म्हणली, "नऊ वर्षं मी तिला वांझ म्हणलं. सगळ्या वस्तीनं म्हणलं. परवा तिला घेऊन येते. खरं काय ते तिला तुझ्या तोंडानं सांग. मी सांगितलं तर तिला पटायचं न्हाई, सासू आता गोड बोलायली म्हणंल."

मी व्हय म्हणलं.

दोन रात्री सांगायचं कसं ते जुळवायलो. जुळंना. आज येरवाळीच शेतात येऊन बसलोय, बांधावर कागद ठेवून तुला लिहायलोय. अक्षर वाकडं झालंय, समजून घे. दव पडलंय, तुरीत अजून कुणी उतरलं न्हाई.

वस्तीकडच्या पायवाटंनं त्या दोघी येताना दिसायल्यात. सून पुढं हाय, मामी मागं. पत्र हितंच थांबवतो.

ज्ञानोबा